खासगी आणि दौलत : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे कारभारचरित्र

श्रीक्षेत्र काशीस गंगास्नान करून विश्वेश्वराच्या दर्शनाला जाणारा, गयेस विष्णुपदावर पिंडदान करणारा, वेरूळला घृष्णेश्वरापुढे हात जोडणारा अथवा आषाढीच्या वारीस पंढरपुरात उतरणारा भाविक कोणत्याही प्रांताचा असो, यात्रेच्या वाटेवर कोठे ना कोठे अहिल्यादेवी होळकर यांनी बांधविलेल्या पायरीवर त्याचे पाऊल पडतेच. देवींनी उभारलेल्या व जीर्णोद्धार केलेल्या देवालयांची, घाटांची, धर्मशाळांची यादी बहुतेकांच्या परिचयाची आहे. ही कामे ज्या पैशातून उभी राहिली तो पैसा कोणत्या पेटीतून निघाला, त्याचा हिशेब कोण ठेवीत असे व कसा ठेवीत असे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. देवींचे खरे चरित्र त्या हिशेबाच्या वह्यांत आहे. अट्ठावीस वर्षे त्यांनी एक मोठे राज्य एखाद्या दक्ष कारभाऱ्याप्रमाणे, रोज ठरल्या वेळी कचेरीत बसून चालविले. त्या कचेरीची ही कथा आहे.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. ज्या जिल्ह्यात ते येते त्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घरात वैभव नव्हते. परंतु पाटलाच्या घरी वसूल, बलुते, तंटे आणि त्यांचे निवाडे यांची चर्चा लहानपणापासून कानांवर पडते, ती यांच्याही पडली. त्या काळी मुलींस अक्षरओळख करून देण्याचा प्रघात नसताना त्यांना लिहिता-वाचता येत असे. १७३३ च्या सुमारास माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर यांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि धनगराच्या घरातून स्वपराक्रमाने वर आलेल्या एका सेनानीच्या घराण्यात त्यांनी प्रवेश केला.

सासरे मल्हारराव वर्षातील बहुतेक काळ मोहिमांवर असत. मागे राहणाऱ्या कारभाराचा भार हळूहळू सुनेवर पडू लागला. वसुलाच्या रकमा जमा करून घेणे, फौजेस दारूगोळा, दाणावैरण व पैसा वेळेवर पोहोचविणे, हुंड्या पाठविणे ही कामे त्या पाहू लागल्या. सुभेदारांची सुनेला लिहिलेली जी पत्रे उपलब्ध आहेत त्यांत कौटुंबिक क्षेमकुशलापेक्षा कामाचाच मजकूर अधिक आढळतो. १७६५ सालच्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जावे व गोळ्यांची तजवीज करावी, अशा आज्ञा आहेत. ज्या काळी स्त्रियांस माजघराबाहेरचे जग ठाऊक नसे, त्या काळी एक अनुभवी सेनापती आपल्या सुनेवर तोफखान्याची जबाबदारी निःशंकपणे टाकतो, यावरून त्या सुनेची कामातील योग्यता ध्यानात यावी. हिशेबाच्या बाबतीत त्या घरच्या माणसांचीही भीड धरीत नसत. खंडेरावांनी आपल्या नेमणुकीपेक्षा अधिक रक्कम मागितली असता त्यांनी ती नाकारली, अशी आख्यायिका होळकरांच्या घराण्यात परंपरेने सांगितली जाते.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांना वीरमरण आले. अहिल्यादेवी तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या सती जाण्यास निघाल्या. वृद्ध सासऱ्यांनी त्यांची परोपरीने विनवणी केली. पुत्र गेला, आता तुम्हीही गेलात तर या घराचा आधार कोण, हा त्या विनवणीचा आशय होता. देवी थांबल्या. त्या दिवसापासून त्यांनी शुभ्र वस्त्राखेरीज अन्य वस्त्र परिधान केले नाही, आणि सासऱ्यांनी दिलेले काम हेच आपले व्रत मानले.

दोन पेट्या

येथे होळकरांच्या संपत्तीची व्यवस्था समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व चरित्र त्यावर उभे आहे. होळकरांकडे असलेला मुलूख दोन प्रकारचा होता. एक दौलत, म्हणजे पेशव्यांनी लष्कर बाळगण्यासाठी दिलेला सरंजाम. त्याच्या उत्पन्नावर फौजेचा पगार, मोहिमांचा खर्च व पेशव्यांचे देणे अवलंबून असे. दुसरी खासगी. १७३४ मध्ये थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महाल व गावे स्वतंत्रपणे लावून दिली; त्यांचे उत्पन्न घराण्यातील स्त्रीच्या स्वतःच्या मालकीचे होते. १७६१ मध्ये गौतमाबाई निवर्तल्या व खासगी अहिल्यादेवींकडे आली.

खासगीचा पैसा देवींनी चैनीसाठी, दागिन्यांसाठी अथवा माहेरच्या माणसांसाठी वापरला असता तरी कोणी बोट दाखवू शकले नसते. त्यांनी त्या धनावर तुळशीपत्र ठेवले आणि ते धर्मकार्यासाठी अर्पण केले, अशी त्यांची कीर्ती आहे. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर, मणिकर्णिका घाट, सोमनाथ, गया, हिमालयातील केदारनाथाच्या वाटेवरील धर्मशाळा, दूरदूरच्या देवस्थानांस नियमाने रवाना होणाऱ्या गंगोदकाच्या कावडी, या सर्वांचा खर्च खासगीतून झाला. दौलतीच्या पैशातून आपल्या नावाने पुण्य जोडावयाचे नाही आणि खासगीचा पैसा दौलतीच्या लोभी मागणीस बळी द्यावयाचा नाही, हा दंडक त्यांनी अखेरपर्यंत पाळला. आज सार्वजनिक निधी सांभाळणाऱ्या कोणत्याही संस्थेस हा दंडक परिचित वाटेल. अठराव्या शतकात, ज्या वेळी राजाची तिजोरी व राज्याची तिजोरी यांत भेद करणारे दरबार हिंदुस्थानात विरळा होते, त्या वेळी तो पाळला गेला ही गोष्ट सामान्य नव्हे.

त्याची पहिली मोठी परीक्षा १७६७ साली आली. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचा देहान्त झाला. सुभेदारीची वस्त्रे अहिल्यादेवींचे पुत्र मालेराव यांना मिळाली. परंतु त्यांची प्रकृती अस्थिर होती आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच तेही गेले. पती, सासरे व पुत्र असे तिघेही गेल्यावर दौलत निराधार झाली आहे, असे काहींस वाटले. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती राहील, अशी योजना मांडली आणि त्यासाठी राघोबादादांचे साह्य मिळविले. दादा फौजेसह माळव्यात क्षिप्रेच्या परिसरात आले. संचित द्रव्यावरही त्यांची दृष्टी होती.

देवींनी योजना स्पष्टपणे नाकारली. एकाची पत्नी व दुसऱ्याची माता या नात्याने वारस निवडण्याचा अधिकार आपला आहे, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांकडे पत्रे रवाना केली, होळकरांची फौज सिद्ध ठेवली, स्त्रियांचेही एक पथक उभे केल्याचे सांगतात, आणि दादांना असे कळविले की एका स्त्रीशी लढून विजय मिळाला तर त्यात कीर्ती नाही आणि पराजय झाला तर अपकीर्तीस पारावार राहणार नाही. द्रव्याविषयीचे त्यांचे उत्तर अधिक मार्मिक होते, अशी परंपरा आहे. हे धन धर्मादाय आहे. दादा ब्राह्मण आहेत, तेव्हा त्यांनी दान म्हणून हातावर उदक घेतल्यास ते अवश्य न्यावे, असा तो निरोप होता. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही देवींचाच पक्ष घेतला. दादा परतले. रक्त न सांडता हा प्रसंग निभावला.

फौजेचे अधिपत्य देवींनी तुकोजी होळकर यांच्याकडे सोपविले. तुकोजी मल्हाररावांच्या विश्वासातील, पण त्यांचे पुत्र नव्हेत. वयाने देवींहून मोठे असूनही ते त्यांना मातोश्री म्हणत. मुलकी कारभार व खजिना देवींकडे आणि फौज तुकोजींकडे, अशी वाटणी झाली. एका राज्याचे दोन मुखत्यार असले म्हणजे तंटा ठरलेला, असा जगाचा अनुभव आहे. तंटा येथेही झाला, त्याविषयी पुढे येईल. परंतु राज्य फुटले नाही.

कचेरीतील दिवस

नर्मदातीरावरील महेश्वर येथे देवींनी राजधानी केली. त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. देवींच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी तो माळव्यात कारभार पाहत होता आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. परक्याने, तेही जेत्याने, केलेली ही चौकशी असल्यामुळे तिला विशेष मोल आहे. आपल्या लोकांनी भक्तिभावाने काही वाढवून सांगितले असेल ही शंका माल्कमलाही आली होती, आणि निरनिराळ्या लोकांकडे विचारपूस केल्यावर ती फिटली.

सूर्योदयापूर्वी घटका-दोन घटका देवी उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व ब्राह्मणभोजन आटोपल्यावर स्वतः साधे शाकाहारी अन्न घेत. अल्प विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत आणि सूर्यास्तापर्यंत, म्हणजे सुमारे सहा वाजेपर्यंत, काम चाले. सायंकाळची पूजा व फराळ झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. उपवास, सण अथवा एखादी विशेष आपत्ती सोडल्यास या क्रमात बदल होत नसे. पडदा त्या पाळीत नसत. फिर्याद घेऊन आलेला माणूस कितीही सामान्य असो, त्याचे म्हणणे स्वतः ऐकावयाचे, हा नियम होता. प्रकरण पंचांकडे अथवा कामगारांकडे सोपविले तरी त्याचा शेवट काय झाला याची त्या चौकशी करीत. क्षुल्लक वाटणाऱ्या प्रकरणासही त्या कंटाळत नसत, असे सांगतात. आपल्या प्रत्येक कृतीचा जाब ईश्वराला द्यावयाचा आहे, ही त्यांची दृढ श्रद्धा होती. कठोर उपाय योजण्याचा सल्ला कोणी दिला की त्या या जबाबदारीचे स्मरण देत. आज्ञापत्रांवर आपल्या नावाऐवजी त्या श्रीशंकराचे नाव लिहीत. राज्य देवाचे व आपण त्याच्या कचेरीतील कामगार, हा भाव त्यात आहे.

कामगारांच्या बाबतीत त्यांचे धोरण लक्षात घेण्याजोगे आहे. तत्कालीन दरबारांत कमाविसदार वारंवार बदलत. नव्याने येणारा नजराणा देऊन जागा मिळवी आणि तो नजराणा रयतेकडून वसूल करून घेई. देवींनी हे चक्र थांबविले. गोविंदपंत गानू यांनी जवळजवळ त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत दिवाणगिरी केली. इंदूरचे कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी राहिले. माणूस पारखून घ्यावा, त्याला काम करू द्यावे, उगाच हलवू नये. मात्र रयतेची तक्रार खरी ठरली तर क्षणाचाही विलंब लावू नये, अशी त्यांची रीत होती. साऱ्याचा दर माफक असे व पाटील, वतनदार, जमीनमालक यांच्या परंपरागत हक्कांस त्या धक्का लावीत नसत.

सिरोंज येथील एका धनाढ्य सावकाराच्या विधवेचे प्रकरण प्रसिद्ध आहे. तिला मूल नव्हते व दत्तक घेण्याची इच्छा होती. तेथील अधिकाऱ्याने परवानगीसाठी मोठी रक्कम मागितली आणि न दिल्यास मालमत्ता जप्त करण्याची धमकी दिली. ती स्त्री दत्तक घ्यावयाच्या मुलास घेऊन महेश्वरास आली. देवींनी हकीकत ऐकून त्या अधिकाऱ्यास बडतर्फ केले, दत्तक मंजूर केला, मुलाला मांडीवर घेऊन वस्त्रे दिली आणि नजराण्याची एक कवडीही न घेता त्या मायलेकरांची पाठवणी केली. निपुत्रिकाच्या धनावर सरकारचा हक्क सांगण्याची चाल त्या काळी सर्वत्र रूढ होती, म्हणजे देवींनी रक्कम घेतली असती तरी ती लाच न ठरता रिवाजच ठरली असती. लाच नाकारणारे पुष्कळ सापडतात. रिवाजाने हक्काचे ठरलेले धन नाकारणारे थोडे.

खरगोणच्या दोन सावकार बंधूंच्या निपुत्रिक विधवांनी तर आपण होऊन सर्व संपत्ती देवींना अर्पण करू केली. देवींनी ती घेतली नाही. तुमच्या हातांनीच ती सत्कर्मी लावा, असा सल्ला त्यांनी दिला, आणि तो मानला गेला. आणखी एका प्रसंगी इंदूरचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला तेव्हा खुद्द तुकोजींनी काही लोकांच्या चिथावणीने त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. तुकोजींची फौज इंदूरजवळच मुक्कामास होती. विधवेने महेश्वर गाठले. देवींनी तिलाच मालक ठरविले आणि तुकोजींना तेथून तळ हलविण्याची आज्ञा धाडली. ज्याच्या हाती संपूर्ण फौज त्या सेनापतीने ती निमूटपणे मानली. इंदूरच्या लोकांनी हा उपकार पिढ्यान्पिढ्या स्मरणात ठेवला.

सातपुड्याच्या घाटांतून जाणाऱ्या वाटसरूंना भिल्लांचा उपद्रव होता. आधी बळाचा उपयोग झालाच. पण केवळ शिक्षेने पोट भरत नाही, हे देवींनी ओळखले. डोंगरातून जाणाऱ्या मालावर एक लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला, त्यास भिलकवडी म्हणत; पडीक जमिनी लागवडीस दिल्या आणि त्यांच्या हद्दीत चोरी झाल्यास तिची भरपाई करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. काशीरामेश्वरास जाणारे कितीतरी यात्रेकरू त्यानंतर त्या घाटांतून सुखरूप गेले असतील.

त्यांची कारकीर्द केवळ सौम्यतेची होती असे मात्र समजू नये. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केले तेव्हा त्यांनी ते फौज पाठवून मोडले व म्होरक्यास दिलेली शिक्षा कठोर होती. १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईनंतर राजपुतान्यातून होळकरांच्या ठाण्यांवर चाल झाली, तीही त्यांच्या फौजेने परतविली.

सर्वांत दीर्घ झगडा मात्र घरातलाच होता. तुकोजी वर्षानुवर्षे दक्षिणेत व उत्तरेत मोहिमांवर असत आणि तेथून पैशाची मागणी सतत येई. देवी रक्कम पाठवीत, पण आधीच्या रकमेचा व त्यांच्याकडील महालांच्या उत्पन्नाचा ताळेबंदही मागत. तो वेळेवर येत नसे. तुकोजींची बाजूही अगदीच निराधार नव्हती; फौजेचा पगार थकला की शिपाई हिशेबाच्या वहीकडे पाहत नाही, सेनापतीच्या तंबूपुढे धरणे धरतो. देवींचे म्हणणे असे की दौलतीचा पैसा दौलतीचा आहे, तो कोठे गेला ते समजलेच पाहिजे. पत्रे कडवट झाली. गाऱ्हाणी पुण्याच्या दरबारापर्यंत गेली. हा वाद देवींच्या हयातीत पुरता मिटला नाही. तरीही तुकोजींना दूर करून दुसरा सेनापती नेमण्याचे टोक त्यांनी गाठले नाही, आणि तुकोजींनीही मातोश्रींवर शस्त्र उचलले नाही.

स्तुतीविषयी त्या उदासीन होत्या. एका विद्वानाने त्यांच्या गौरवपर ग्रंथ रचून आणला. देवींनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपल्यासारख्या सामान्य स्त्रीची एवढी प्रशंसा योग्य नाही असे सांगितले, ग्रंथ नर्मदेत सोडविला आणि त्या ग्रंथकाराची पुढे विचारपूसही केली नाही. याउलट उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी माणसे नेमणे, थंडीत गरिबांस वस्त्रे देणे, नांगरणीच्या बैलांना शेतावरच पाणी पोहोचविणे, पाखरांना मनसोक्त दाणे टिपता यावेत म्हणून उभी शेते राखणे, अशा कामांत त्यांचे लक्ष बारकाईने असे. यांपैकी एकाही कामावर नावाची शिळा बसविता येत नाही.

अखेरची वर्षे

उतारवयात देवींवर जो प्रसंग आला तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दारुण होय. कन्या मुक्ताबाई व जावई यशवंतराव फणसे यांचा एकुलता पुत्र तरुण वयात गेला. त्या पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. एके काळी सासऱ्याने देवींची केली तशीच विनवणी आता देवींनी मुलीची केली. त्या स्वतः थांबल्या होत्या; मुलगी थांबली नाही. नर्मदेच्या वाळवंटात चिता पेटली तेव्हा दोन ब्राह्मणांनी देवींना धरून ठेवले होते. पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही व कोणाशी शब्द काढला नाही. नंतर त्यांनी मृतांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू बांधविली आणि त्या पुन्हा दरबारात येऊन बसू लागल्या. फिर्यादी दाराशी थांबलेले होते.

त्यानंतर सुमारे चार वर्षे हा क्रम चालला. व्रतवैकल्ये व उपोषणे यांनी शरीर क्षीण झाले होते, तरी नियमात खंड नव्हता. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी महेश्वर येथे त्यांचे निर्वाण झाले. दोन वर्षांनी, १७९७ मध्ये, तुकोजीही गेले. त्यांच्या पुत्रांत कलह माजला आणि जो खजिना देवींनी वह्यांच्या आधारे राखला होता तो फौजांच्या पायी लवकरच रिता झाला. काशीचा विश्वेश्वर, गयेचे विष्णुपद, महेश्वरचा घाट मात्र जागेवर राहिले.

महेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंनी घाटावरून वर चढून राजवाडा अवश्य पाहावा. राजवाडा म्हणण्यासारखे त्यात फारसे काही नाही. लाकडी खांबांची, कौलारू, एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्यासारखी ती वास्तू आहे. ओसरीवर देवींची बसण्याची जागा दाखवितात. सिंहासन नाही. पांढरे वस्त्र घातलेली एक साधी बैठक आहे, आणि अंगणातून येणाऱ्या माणसाला ती थेट समोर दिसते.